शरद म्हणजे पानगळ नव्हे

इंग्रजी ‘ऑटम’साठी ‘शरद’ हा प्रतिशब्द मराठीत रूढ झाला आणि त्याच्या पाठोपाठ तांबड्या-पिवळ्या पानांच्या सड्याचे परदेशी चित्रही मनात ठसले. मात्र आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांचा शरद ऋतू महाराष्ट्रात पानगळीचा काळ नाही. भारतीय ऋतुगणनेने पानगळ शिशिराकडे, म्हणजे माघ-फाल्गुनाकडे सोपवली आहे आणि सह्याद्रीच्या पानझडी जंगलांतील साग, सावर, पांगारा यांचे वागणे तिच्याशी बरेचसे जुळते. समशीतोष्ण प्रदेशात दिवस आखडला आणि थंडी वाढली की पानातील हरितद्रव्याचे विघटन होते, त्याखाली दडलेली पिवळी रंगद्रव्ये दिसू लागतात आणि देठाच्या तळाशी विलगन थर, म्हणजे सहज सुटणाऱ्या पेशींचा पापुद्रा, तयार होऊन पान गळते. दख्खनमध्ये मात्र पाने झडण्याचे मुख्य कारण जमिनीतील ओल आटणे हे असते, आणि आश्विनात ती ओल अजून टिकून असते. म्हणूनच या दिवसांत कुंडीतील झाड पिवळे पडले तर ‘ऋतूच तसा आहे’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे चुकीचे ठरते: कुंडीचे छिद्र बुजून मुळांशी पाणी साचलेले असते, पावसाने मातीतील नत्र धुऊन गेलेले असते, किंवा ऑक्टोबरच्या उन्हात लाल कोळी ही सूक्ष्म कीड पानांमागे वाढलेली असते.

ऑक्टोबरच्या उन्हाळ्याविषयीचा समजही असाच अर्धवट आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, आकाश निरभ्र होते आणि ओल्या जमिनीतून उठणाऱ्या बाष्पामुळे उकाडा जाणवतो. मातीचा वरचा थर दुपारपर्यंत पांढरा पडतो, पण बोटभर खाली ती दमटच असू शकते. तेव्हा रोज ठरल्या वेळी पाणी घालण्यापेक्षा मातीत बोट खुपसून पाहणे अधिक शास्त्रीय ठरते.

छाटणी झाड झोपलेले असतानाच करावी, हा नियम ज्या देशांत हिवाळ्यात झाडे खरोखर झोपतात तेथला आहे. नाशिक परिसरातील द्राक्षवेल तशी पूर्ण सुप्तावस्थेत जात नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतात: एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील घडांची घडण होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडतात. घरच्या गुलाबाचेही तसेच आहे. पाऊस थांबल्यावर त्याच्या वाळक्या व रोगट फांद्या काढून, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या जरा वर तिरका काप दिला, तर थंडीच्या सुरुवातीस फुले येतात.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज शेवंतीबाबत आहे. तिला कळ्या लागल्या नाहीत की दोष खताला दिला जातो. वास्तविक शेवंती ही ऱ्हस्वदिनी वनस्पती आहे, म्हणजे दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की ती फुलण्याकडे वळते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये मांडला आणि नंतरच्या प्रयोगांतून दिसून आले की निर्णायक ठरतो तो सलग अंधार. त्यामुळे ज्या गच्चीवर किंवा सज्जात रात्रभर दिवा जळतो, तेथील शेवंती कितीही शेणखत घातले तरी नुसती पाने वाढवत राहू शकते. फुले उशिरा यावीत म्हणून व्यावसायिक उत्पादक हाच दोष युक्तीसारखा वापरतात आणि मध्यरात्री काही काळ दिवे लावतात. झाड डेरेदार व्हावे म्हणून शेंडे खुडण्याचे कामही कळ्या धरण्यापूर्वीच उरकावे लागते. ऑक्टोबरमध्ये खुडलेला शेंडा बहुधा कळी घेऊनच जातो.

दसऱ्याला ‘सोने’ म्हणून वाटली जाणारी पाने पुष्कळदा आपट्याची नसून कांचनाची असतात, कारण दोन्ही झाडे बाउहिनिया या एकाच प्रजातीतली आणि दोघांचीही पाने जोडपानासारखी दुभंगलेली असतात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असते, तर कांचनाचे मोठे आणि तुलनेने पातळ असते. शिवाय आपट्याची बारीक पांढुरकी फुले उन्हाळ्यात येतात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास गुलाबी-जांभळ्या फुलांनी लगडलेले झाड देवकांचन असण्याचीच शक्यता अधिक. फांद्या ओरबाडल्याने दोघांचेही नुकसान सारखेच होते, हे वेगळे सांगायला नको.

सहलीच्या बाबतीत साताऱ्याजवळचे कास पठार दिवाळीच्या सुट्टीत पाहण्याचा बेत अनेक कुटुंबे आखतात आणि वाळलेले गवत पाहून परततात. २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी हे एक असून त्याच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की फुलांचा मुख्य बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंतच टिकतो. तेरडा, गेंद आणि जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून नत्राची उणीव भागवणारी ‘सीतेची आसवे’ यांना त्या ओलीतच फुलून बी धरावे लागते, आणि दिवाळीपर्यंत ते बी पुढच्या पावसाची वाट पाहत पायांखालच्या मातीत पडलेले असते.