वहीत रेघ मारतो, मग कॉम्प्युटर अपडेट का नाही करत?



मागच्या महिनाअखेरीला आम्ही खारघरच्या ऑफिसात गटांचे हिशोब जुळवत बसलो होतो. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात सारखी सूचना येत होती, "अपडेट करा." डेटा एन्ट्री करणाऱ्या ताई दर वेळी "नंतर" दाबायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच तर म्हणालात, आधी काम संपवा, ते अपडेट नंतर बघू." खरंच, मीच म्हणाले होते. त्या दिवशी घरी जाऊन मी याबद्दल नीट वाचलं आणि माझी चूक कळली. ती तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्या इतिवृत्ताच्या वहीपासून करू. शेवटचा ठराव लिहून झाला की आपण खाली आडवी रेघ मारतो, मग सह्या घेतो. चेकवर रक्कम अक्षरी लिहून पुढे "फक्त" लिहितो. का बरं? कारण ठराव आणि सह्या यांच्यात मोकळी जागा राहिली, तर नंतर कुणीही तिथे "बँकेतून ४०,००० रुपये काढावेत" अशी एक ओळ घुसडू शकतं. खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आहेतच. लिहिणारा भलताच, पण हुकूम निघाला गटाच्या नावाने!

कॉम्प्युटरमध्ये असंच घडतं, त्याला "कमांड इंजेक्शन" म्हणतात. कमांड म्हणजे हुकूम. नुसता वाचायचा मजकूर म्हणून आलेल्या फाईलमध्ये कुणीतरी हुकूम लपवून ठेवतं, आणि कॉम्प्युटर तो आपल्या मालकिणीचाच हुकूम समजून पाळतो.

आता खरी गोष्ट. विंडोजच्या कॉम्प्युटरवर नोटपॅड असतं, ते तुम्ही पाहिलं असेल. पांढरा कागद, त्यावर टाईप करायचं, बस. १९८५ साली विंडोज पहिल्यांदा आलं तेव्हापासून ते आहे. इतकं साधं की त्यात काही धोका असेल असं कुणाला वाटायचं नाही. पण विंडोज ११ मधल्या नव्या नोटपॅडला कंपनीने २०२५ मध्ये आणखी एक काम शिकवलं. "मार्कडाउन" नावाच्या प्रकारची फाईल उघडली, की ठळक अक्षरं, मथळे आणि दाबता येणाऱ्या लिंक दिसायला लागल्या.

गडबड या लिंकमध्येच होती. लिंक म्हटलं की आपल्याला वाटतं, वेबसाईट उघडेल. पण काही लिंक वेबसाईटच्या नसतात. त्या कॉम्प्युटरला सांगतात की अमुक ठिकाणची फाईल आणून चालू कर. नोटपॅड अशी लिंक न तपासता, न विचारता पुढे पाठवत होतं. कुणी अशी फाईल ईमेलने पाठवली, आपण ती उघडून लिंक दाबली, की बाहेरचा प्रोग्राम आपल्या कॉम्प्युटरवर चालू होऊ शकत होता. आणि तो आपल्याच अधिकाराने चालणार, म्हणजे आपल्याला जे जे उघडता येतं ते सगळं त्यालाही उघडता येणार.

मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२६ मध्ये ही चूक जाहीर केली आणि दुरुस्तीही दिली. आता लिंक साध्या वेबसाईटची नसेल तर नोटपॅड आधी थांबवून इशारा देतं. म्हणजे सह्यांच्या वर रेघ मारली गेली.

असं फक्त नोटपॅडचंच झालं असं नाही. विम नावाचा एक मोफत एडिटर आहे, जगभरचे कॉम्प्युटरवाले वापरतात. २०१९ मध्ये त्यात याहून वाईट चूक सापडली. तिथे लिंक दाबायचीही गरज नव्हती, नुसती फाईल उघडली तरी लपवलेला हुकूम चालू शकत होता. तीही लगेच दुरुस्त केली गेली. चूक कुणाच्याही हातून होते. आपल्या खतावणीतही होतेच की! ती सापडल्यावर दुरुस्त करणं महत्त्वाचं.

पण दुरुस्ती कंपनीने केली म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवर झाली असं नाही. ती आपल्याला घ्यावी लागते. त्यालाच अपडेट म्हणतात. आणखी एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. दुरुस्ती जाहीर होते तेव्हा चूक नेमकी कुठे होती हे चोरालाही कळतं. म्हणून जाहीर झाल्यानंतर "नंतर" म्हणत राहणं जास्त धोक्याचं. कुलूप खराब आहे अशी दवंडी पिटली, नवं कुलूप हातात दिलं, आणि आपण ते पिशवीतच ठेवलं, असं होतं.

आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय आहे आठवा. आधारच्या प्रती, पासबुकांचे फोटो, कुणाचं कर्ज किती, कुणाचा हप्ता थकला. बायकांनी ही माहिती संघाच्या विश्वासावर दिली आहे. ती सांभाळणं हे रोख पेटी सांभाळण्याइतकंच मोठं काम आहे.

म्हणून एवढं करूया:

१. कॉम्प्युटर विंडोज ११ असेल तर विंडोज अपडेट कराच, शिवाय मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून तिथलेही अपडेट घ्या. नोटपॅडचं अपडेट स्टोअरमधून येतं.

२. विंडोज १० असेल तर समन्वयकाला कळवा. त्याचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आहेत.

३. अनोळखी फाईल उघडू नका, त्यातली लिंक दाबू नका. नाव "योजनेची यादी" असो की "केवायसी फॉर्म", पाठवणाऱ्याला आधी फोन करून विचारा. मोबाईललाही हाच नियम.

४. इशारा आला तर न वाचता "हो" दाबू नका. दुरुस्ती आपल्याला दारात थांबवते, पण दार उघडायचं की नाही ते आपणच ठरवतो.

५. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ घालवू नका, लगेच १९३० वर फोन करा.

आमच्या ऑफिसचं अपडेट त्याच आठवड्यात झालं. चहा पिऊन होईपर्यंत काम संपलं होतं, एवढ्यासाठी मी महिनाभर "नंतर" म्हणत होते! आता महिन्याच्या पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आम्ही एक ओळ कायमची घातली आहे, "कॉम्प्युटर अपडेट झाला का?" उत्तर इतिवृत्तात लिहायचं, आणि खाली रेघ मारायची.

तुमची,
क्षेत्र समन्वयक