रेंजफाइंडरला वाइड लेन्स घेताना आधी खिडकी पाहा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांकडे कॅमेरा घेऊन निघालेल्याला एक सल्ला हमखास मिळतो: जेवढी वाइड मिळेल तेवढी लेन्स घे, म्हणजे सगळं मावेल. रेंजफाइंडर वापरणाऱ्याने मात्र लेन्सच्या आधी कॅमेऱ्याची खिडकी पाहायला हवी. या कॅमेऱ्यात डोळा लेन्समधून पाहतच नाही. तो लेन्सपासून काही सेंटीमीटर वर आणि बाजूला असलेल्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. लेन्सवर टोपण तसंच राहिलं तरी खिडकीत सगळं लख्ख दिसतं, ते यामुळेच.

इथूनच पहिला गैरसमज सुरू होतो. खिडकीत दिसतं तेच फोटोत येणार, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात खिडकीतल्या उजळ चौकटी फोटोची हद्द दाखवतात आणि प्रत्येक कॅमेऱ्यात ठरावीक लेन्सच्याच चौकटी असतात. १९५४ च्या लायका एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ मिमीच्या चौकटी होत्या. वाइडची एकही नव्हती. म्हणून त्या कॅमेऱ्यासाठी पुढे चष्मा लावल्यासारखी दिसणारी ३५ मिमीची खास लेन्स निघाली. एम२ मध्ये ३५ ची चौकट आली आणि २८ ची चौकट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, एम४-पी मध्ये. २१ मिमी लावायची तर कॅमेऱ्याच्या माथ्यावर वेगळी खिडकी बसवावी लागते. मग फोकस एका खिडकीतून आणि रचना दुसरीतून. चालत्या माणसांच्या गर्दीत ही डोळ्यांची ये-जा फार महागात पडते.

चष्मा लावणाऱ्यांची अडचण वेगळी. ०.७२ पट दाखवणाऱ्या खिडकीत २८ ची चौकट अगदी कडेला असते. चष्म्यामुळे डोळा मागे राहतो आणि चारही कोपरे एकाच वेळी दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ३५ मिमी किंवा ०.५८ पटीची खिडकी सोयीची. लेन्सची कीर्ती कितीही मोठी असो, चौकट दिसतच नसेल तर अंदाजपंचेच काम करावं लागतं.

आता 'सगळं मावेल'चं पाहू. कान्हेरीचं तिसरं लेणं म्हणजे मोठं चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. दारातून २८ ऐवजी २१ मिमीने फोटो काढला, तर स्तूपाची उंची-रुंदी पाऊण होते, म्हणजे फोटोतली त्याची जागा जेमतेम ५६ टक्के उरते. वाढते ती जमीन आणि छत. ज्याच्यासाठी चढ चढून आलो, तेच बारीक होतं.

याच लेण्याच्या व्हरांड्यात मात्र २१ ची खरी गरज कळते. तिथे दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. कॅमेरा वर कलवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. त्या सरळ हव्या असतील तर कॅमेरा सपाट धरावा लागतो. दीड मीटर उंचीवर, उभ्या चौकटीत, मूर्तीचा माथा मावायला ३५ मिमीला जवळजवळ पावणेअकरा मीटर मागे जावं लागेल, २८ ला साडेआठच्या वर आणि २१ ला साधारण साडेसहा. खालचा अर्धा फोटो बहुतेक फरशीने भरेल, पण तो नंतर कापता येतो. अशा जागांसाठी २१ जरूर घ्यावी. रोजची लेन्स म्हणून नव्हे.

'वाइड लेन्सने चेहरे बिघडतात' हेही अर्धंच खरं. नाक मोठं दिसतं ते छायाचित्रकार फार जवळ गेल्यामुळे. त्याच जागेवरून ५० मिमीने काढा, नाक-कानाचं प्रमाण तेच राहील. चौकटीच्या कडेला आलेला माणूस आडवा ताणलेला दिसतो, तो दोष मात्र खरोखर वाइड कोनाचा आहे. घाटकोपर पश्चिमेला मेट्रोखालच्या गर्दीत २८ मिमी वापरताना माणसं कोपऱ्यांपासून थोडी आत ठेवली, की काम भागतं. छायाचित्रकार गॅरी विनोग्रँडने न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर लायकाला २८ मिमीच लावली होती. ओंरी कार्तिए-ब्रेसाँचं बहुतेक काम मात्र ५० मिमीवरचं. प्रवासाला वाइडच हवी, असा काही नियम नाही.

वाइडला फोकस लागत नाही, हा समज सर्वांत जास्त फोटो वाया घालवतो. भर उन्हात तो खरा वाटतो. एफ/८ वर २१ मिमीचा फोकस १.८५ मीटरवर ठेवला, तर नेहमीच्या हिशेबाने सुमारे ९० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २८ मिमीला हेच सव्वातीन मीटरवर ठेवावं लागतं आणि स्पष्टता १.६ मीटरपासून सुरू होते. पण जोगेश्वरीच्या लेण्यात दिवसाही प्रकाश अपुरा असतो. तिथे एफ/२.८ वर, दोन मीटरवरच्या माणसासाठी २८ मिमीची स्पष्टता फक्त १.६५ ते २.५५ मीटर एवढीच. मोठा प्रिंट काढायचा असेल तर त्याहून कमी. फोकससाठी खिडकीच्या मध्यात दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर नीट बसवायलाच हव्यात. आणि रेंजफाइंडरचं बळ इथेच आहे. त्याची अचूकता लेन्स वाइड आहे की लांबची यावर अवलंबून नसते, त्यामुळे अंधारात वाइड लेन्सचा फोकस एसएलआरच्या, म्हणजे आरशाने लेन्समधलंच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, काचेवर जुळवण्यापेक्षा इथे सोपा जातो.

जुन्या लेन्स घेणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. एसएलआरमध्ये आरशाला जागा सोडावी लागते. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. म्हणून सुपर-अँग्युलॉनसारख्या २१ मिमीच्या लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाई. लेन्स छोटी राही आणि रेषा सरळ येत. फिल्मवर हे उत्तम. डिजिटल सेन्सरवर मात्र कडेचा प्रकाश फार तिरका पडतो, तिथे जांभळट छटा येते आणि बारकावे पुसट होतात. तेव्हा फिल्मवर नावाजलेली लेन्स डिजिटल कॅमेऱ्यासाठी घेताना दुकानातच स्वतःचा कॅमेरा लावावा, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत.