ट्रॅक्टरवाल्याची मोटार

बँकेत असताना ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कितीतरी फायली माझ्या टेबलावरून गेल्या. ट्रॅक्टरच्या नफ्यातून शर्यतीसारखी मोटार काढतो, असे कोणी म्हणाला असता तर त्याला चहा पाजून परत पाठवले असते. इटलीतल्या फेरुच्चो लाम्बोर्गिनी या शेतकरीपुत्राने नेमके तेच केले. एन्झो फेरारींशी क्लचवरून वाजले आणि १९६३ साली सांतआगाता गावी मोटारींचा कारखाना निघाला, ही कथा सगळे सांगतात. मला ती थोडी तिखटमीठ लावलेली वाटते.

मला मोह आहे तो त्यांच्या 'मिउरा'चा. जानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे इंजिनिअर जेमतेम तिशीला टेकलेले. त्यांनी बारा सिलिंडरचे, सुमारे चार लिटरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवायचे ठरवले, तेही आडवे. उभे ठेवले असते तर गाडी लांबलचक झाली असती. गिअरबॉक्स इंजिनाच्याच ओतीव पेटीत, तेलही दोघांना एकच. लहान बिऱ्हाडात देवघर स्वयंपाकघरातच असते ना, तसे! मालकांना वाटले, विकली नाही तरी जाहिरात तर होईल.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला. बेर्तोने यांनी बॉडीचे काम घेतले, सत्तावीस वर्षांच्या मार्चेल्लो गांदिनीने ती रेखाटली आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात गाडी उभी राहिली. हेडलाइटभोवती चक्क पापण्यांचे केस! नाव मात्र झुंजीचे बैल पोसणाऱ्या स्पॅनिश घराण्याचे.

खोडीही बैलाचीच. पेट्रोलची टाकी पुढे. ती रिकामी होत आली की भर वेगात गाडीचे नाक उचलू लागे. सुधारणा होत १९७१ साली 'एसव्ही' आली. तिच्या पापण्या गेल्या. (मला जुनीच आवडते.) १९७३ पर्यंत साडेसातशेच्या वर मिउरा बनल्या.

पण हिशेबाच्या वह्या निराळेच बोलत होत्या. बोलिव्हियाची ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द झाली. ऑर्डरच्या भरवशावर तयारी आणि ऑर्डरच गायब, हा कागद मी पुष्कळदा वाचला आहे. त्याच्या शेवटच्या पानावर सह्या कुणाच्या असतात तेही ठाऊक आहे. १९७२ साली मोटार कंपनीचा ५१ टक्के हिस्सा विकला, ट्रॅक्टरचा कारखाना गेला, १९७४ साली उरलेला हिस्साही गेला.

लाम्बोर्गिनी उंब्रियात त्रासिमेनो सरोवराजवळ द्राक्षमळा करून राहिले, ते १९९३ साली जाईपर्यंत. तिथल्या तांबड्या वाइनला त्यांनी नाव दिले होते, 'मिउराचे रक्त'.