गाणं फुटू न देणं

गाणं फुटायला वाईट माणूस लागत नाही. वादक रफ मिक्स घरी ऐकायला म्हणून नेतो, कौतुकाने भावाला पाठवतो, भाऊ मित्राला. आत कोण गातंय हे चहा आणणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. स्टुडिओत काचेच्या अलीकडे, कन्सोलसमोर माझी बरीच वर्षं गेली. म्हणून डेव्हिड बोवीने दोन वर्षं जे सांभाळलं, त्याचं मला त्याच्या गाण्यांइतकंच अप्रूप वाटतं.

८ जानेवारी २०१३ हा त्याचा ६६ वा वाढदिवस. लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजले असताना ‘व्हेअर आर वुई नाऊ?’ हे गाणं आयट्यून्सवर आलं आणि मार्चमध्ये ‘द नेक्स्ट डे’ हा अख्खा अल्बम येणार असल्याचंही त्याच वेळी कळलं. आधी जाहिरात नाही, मुलाखत नाही, कुणकुणही नाही. २००४ मध्ये दौऱ्यावर असताना त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं, जर्मनीत अँजिओप्लास्टी झाली आणि दौरा तिथेच आटोपला. २००३ च्या ‘रिअ‍ॅलिटी’नंतर नवा अल्बम आलेला नव्हता. बोवी निवृत्त झाला, असं लोकांनी धरूनच टाकलं होतं.

प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१० मध्येच त्याने आपला जुना निर्माता टोनी व्हिस्कोंटी याला विचारलं होतं, काही डेमो करायचे का? न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधली सरावाची एक छोटी खोली. गिटारवर जेरी लेनर्ड, ड्रम्सवर स्टर्लिंग कॅम्पबेल, बेस धरायला खुद्द व्हिस्कोंटी आणि कीबोर्डवर बोवी. काही दिवसांत गाण्यांचे कच्चे आराखडे झाले. ते घेऊन बोवी घरी गेला आणि काही महिने त्यांच्यावरच बसून राहिला.

मे २०११ मध्ये खरं रेकॉर्डिंग सुरू झालं. आधी ठरवलेल्या स्टुडिओतून लगेचच बातमी बाहेर झिरपली, तेव्हा मंडळी तिथून उठली आणि क्रॉस्बी स्ट्रीटवरच्या ‘मॅजिक शॉप’मध्ये आली. बोवीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. आत जुना, भरभक्कम नीव्ह कन्सोल. बोवीच्या सेशनच्या दिवशी तिथे मोजकीच माणसं कामावर ठेवत. आत येणाऱ्या प्रत्येकाकडून गुप्ततेच्या कागदावर सही घेतली जाई.

पण सहीच्या कागदाने तोंडं बंद राहतात यावर माझा विश्वास नाही. सही करूनही बोलणारे मी पाहिले आहेत. इथे निभावलं ते माणसांच्या निवडीमुळे. व्हिस्कोंटीची सोबत साठच्या दशकापासूनची, गिटारवादक अर्ल स्लिकची १९७४ पासूनची, बेस वाजवणाऱ्या गेल अ‍ॅन डॉर्सीची नव्वदच्या दशकातली. यातल्या कुणालाच ‘मी बोवीबरोबर वाजवतो’ हे कुणाला पटवून द्यायची गरज उरलेली नव्हती.

या गुप्ततेला पुष्कळांनी विक्रीची युक्ती म्हटलं. मला ते पटत नाही. प्रकाशनाची तारीख जाहीर झाली की स्टुडिओची हवा कशी पालटते, हे आम्ही रोज बघतो. तिसऱ्या टेकला कुणीतरी घड्याळाकडे बघतं, ‘चालेल, पुढे जाऊ’ म्हणतं, आणि ते ‘चालेल’ कायमचं गाण्यात राहतं. बोवीला तारीखच नव्हती. थोडे आठवडे काम, मग लांबलचक सुट्टी. वादक खोलीत एकत्र बसून वाजवणार, गायन पुष्कळदा महिन्यांनी. अल्बमला लागतील त्याहून कितीतरी जास्त गाणी झाली. नाहीच जमलं तर सगळं गुंडाळून ठेवता आलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. आजारातून उठलेल्या, दहा वर्षं नवा अल्बम न केलेल्या गायकाला ही मुभा किती मोलाची असेल!

हेडफोन लावून दोन गाणी पाठोपाठ ऐकावीत. पहिलं १९७७ चं ‘हीरोज’, बर्लिनच्या भिंतीजवळच्या हॅन्सा स्टुडिओत केलेलं. तिथे व्हिस्कोंटीने बोवीसमोर तीन माईक लावले: एक नऊ इंचांवर, दुसरा वीस फुटांवर, तिसरा पन्नास फुटांवर. दूरच्या दोन्ही माईकना गेट लावले. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर चढला तरच ते उघडणार. त्यामुळे बोवी हळू गातो तेव्हा तो कानाशी असतो, ओरडतो तेव्हा अख्खं सभागृह मागून धावून येतं. मग २०१३ चं ‘व्हेअर आर वुई नाऊ?’ ऐकावं. तेच बर्लिन आठवणारा तोच माणूस, पण आता संथ लयीत, आवाजातली थरथर लपवायला काहीच न घेतलेला. ही थरथर आज दहा मिनिटांत सरळ करता येते. कुणी ना कुणी ते सुचवतंच. इथे तसं सुचवायला परकं कुणी खोलीत नव्हतं. शेवटाकडे ड्रम्स चढत जातात, तरी गळा तसाच, वयाएवढा राहतो. हा माझा सर्वांत आवडता भाग.

काम संपत आल्यावर रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखाला अल्बम ऐकवला, तेव्हा त्याने प्रचाराचं काय ते विचारलं. प्रचार नाही, वाढदिवसाला बाहेर काढायचं, एवढंच. मार्चमध्ये ‘द नेक्स्ट डे’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. १९९३ नंतर बोवीला हे पहिल्यांदाच लाभत होतं. त्यानंतरही त्याने मुलाखत दिली नाही. बोलायचं काम व्हिस्कोंटीने आणि वादकांनी केलं. दोन वर्षं गप्प बसलेली ती माणसं आता भरभरून सांगत होती, आणि त्या खोलीतलं मी इथे जे सांगितलं ते बहुतेक त्यांच्याच तोंडचं आहे.