विश्लेषण : साडेसहाशे वर्षांपूर्वीचे चिलखत आज कसे घडवले जाते?

युरोपात उन्हाळा आला की जुन्या किल्ल्यांच्या आवारात आणि तटबंदीच्या शहरांत मध्ययुगीन मेळे भरतात. कोणी लोहार होतो, कोणी धनुर्धर, कोणी लोखंडी चिलखत घालून लढाईत उतरतो. या हौशी मंडळींच्या उपक्रमाला ‘रीएनॅक्टमेंट’ म्हणजे इतिहासाचे पुनर्सादरीकरण म्हणतात. बघणाऱ्याला ही केवळ वेशभूषा वाटू शकते. पण यातल्या गंभीर गटांसाठी एक चिलखत तयार करणे म्हणजे महिनोन्‌महिने चालणारे संशोधन असते. नमुना नेमका कुठून घ्यायचा, काय अस्सल आणि काय अंदाजाने भरलेले, हे ठरवावे लागते. हे कसे होते, हे समजून घेण्यासाठी स्वीडनमधल्या विस्बी या शहराचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे.

विस्बीत काय घडले होते?

बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावर विस्बी हे तटबंदीचे व्यापारी शहर आहे. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार १३६१ च्या जुलैमध्ये या बेटावर उतरला. २७ जुलैला शहराच्या तटाबाहेर त्याच्या कसलेल्या फौजेची गाठ पडली ती बेटावरच्या शेतकऱ्यांशी. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या शहराने दरवाजे उघडले नाहीत. तटावरून दिसेल इतक्या अंतरावर शेतकऱ्यांची कत्तल झाली. सुमारे १,८०० गोटलंडवासी मारले गेले असे मानले जाते. दोन दिवसांनी शहराने शरणागती पत्करली.

मृतांना मोठ्या खड्ड्यांत एकत्र पुरण्यात आले. तिथे उभारलेला दगडी क्रूस आजही आहे. या सामूहिक कबरींचे उत्खनन १९०५ मध्ये सुरू झाले आणि मध्ये खंड पडत १९२८ पर्यंत चालले. किमान १,१८५ जणांचे अवशेष मिळाले. त्यांत किशोरवयीन मुले होती, वृद्ध होते, आधीपासून व्याधी असलेले लोकही होते.

या कबरी इतक्या महत्त्वाच्या का?

कारण मृतांपैकी अनेकांच्या अंगावर चिलखत तसेच राहिले होते. एरवी लढाई संपली की जिंकणारे मृतांच्या अंगावरचे लोखंड उतरवून नेत. लोखंड महाग होते आणि चिलखत तर त्याहून. विस्बीत तसे पूर्णपणे झाले नाही. ऐन उन्हाळा आणि प्रेतांची संख्या यांमुळे घाईत दफन करावे लागले, असे संशोधक मानतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. युरोपातल्या संग्रहालयांत दिसणारी चकचकीत चिलखते बहुतेक राजे, सरदार आणि श्रीमंतांची आहेत. त्यातली बरीचशी पंधराव्या-सोळाव्या शतकातली आहेत. ती जपली गेली, कारण ती मौल्यवान होती. सामान्य सैनिकाचे चिलखत फाटेपर्यंत वापरले गेले, मोडले गेले, वितळवले गेले. त्यामुळे ‘मध्ययुगीन योद्धा’ म्हटले की डोळ्यांसमोर सरदारच येतो. विस्बीने शेतकरी आणि साधा शिपाई काय घालत होते ते दाखवले.

स्वीडिश पुरातत्त्वज्ञ बेंग्ट थॉर्डेमन यांनी या शोधाचा सविस्तर अहवाल १९३९-४० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. आज जगभरातले चिलखत घडवणारे याच ग्रंथातल्या आकृत्या समोर ठेवून पत्रा कापतात.

‘पत्र्यांचा कोट’ म्हणजे काय?

विस्बीत दोन प्रकारची संरक्षक साधने प्रामुख्याने सापडली. पहिला प्रकार म्हणजे डोके आणि मान झाकणाऱ्या कड्यांच्या जाळीच्या टोप्या. त्या शंभराहून अधिक मिळाल्या. दुसरा म्हणजे ‘कोट ऑफ प्लेट्स’, म्हणजे पत्र्यांचा कोट. असे सुमारे २५ कोट मिळाले.

या कोटात लोखंडी पत्रे बाहेरून दिसत नाहीत. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या अंगरख्याच्या आतल्या बाजूला पत्रे रिव्हेटने ठोकलेले असतात. बाहेरून दिसतात त्या फक्त रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा. काही कोटांत मोजके मोठे पत्रे आहेत, तर काहींत शेकडो लहान. काही डोक्यातून घालून पाठीमागे किंवा बाजूला बांधायचे होते. एक कोट तर वेगळ्याच घडणीचा आहे. त्यात लहान लहान पट्ट्या एकमेकींना दोरीने ओवलेल्या आहेत.

कापड कुजले, मग कोट कसा उभा केला?

खरी कसोटी इथेच आहे. जमिनीत सहा शतकांत चामडे आणि कापड जवळपास नाहीसे झाले. उरले ते गंजलेले पत्रे आणि त्यांतले रिव्हेट. पत्रा कुठल्या पत्र्यावर चढला आहे, रिव्हेट किती लांब आहे, भोके कुठे आहेत, बक्कल कुठल्या बाजूला सापडले, यावरून अंगरख्याची जाडी, शिवण आणि बांधण्याची जागा यांचा अंदाज बांधावा लागतो.

अंदाज पडताळायला मग इतर पुरावे लागतात. ते साधारण तीन प्रकारचे असतात.

पहिला पुरावा शिल्पांचा. जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या कॅथेड्रलमध्ये संत मॉरिस यांचा तेराव्या शतकातला पुतळा आहे. त्याच्या अंगावर असाच पत्र्यांचा कोट आहे आणि पाठीमागचे बंद स्पष्ट दिसतात. इंग्लंडमध्ये कँटरबरी इथे ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजपुत्र एडवर्डच्या समाधीवरची धातूची मूर्ती १३७० च्या दशकातल्या उच्चभ्रू चिलखताचा बारीक तपशील देते.

दुसरा पुरावा चित्रांचा. हस्तलिखितांतल्या चित्रांत योद्धे भरपूर आहेत. पण चित्रकार अनेकदा जुन्या काळाचा प्रसंगही आपल्या काळातल्या पोशाखात रंगवत असे. म्हणून चित्रातल्या घटनेची नव्हे, तर चित्र काढले त्या काळाची नोंद घ्यायची असते.

तिसरा पुरावा कागदपत्रांचा. मृत्युपत्रे, शस्त्रागारांच्या याद्या, सरकारी हुकूम यांत कोणाकडे काय होते ते कळते. इंग्लंडमधल्या १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने मालमत्तेनुसार कोणी कुठली शस्त्रे बाळगावीत हे ठरवून दिले होते. वरच्या स्तरातल्या माणसाला कड्यांचे चिलखत, लोखंडी टोप, तलवार, सुरी आणि घोडा ठेवणे बंधनकारक होते. खालच्या स्तरांवरची जबाबदारी उतरत्या क्रमाने कमी होत जाई.

हे तीन पुरावे एकमेकांशी जुळले तर तो तपशील पक्का धरतात. एकाच ठिकाणी दिसला तर जपून वापरतात. गंभीर गटांचा साधा नियम असतो : एक प्रदेश, एक काळ आणि एक सामाजिक स्तर. इटलीचे शिरस्त्राण, इंग्लंडचे हातमोजे आणि शंभर वर्षांनंतरचे बूट एका अंगावर चालत नाहीत.

विस्बीत काय सापडले नाही?

शिरस्त्राणे. मृतांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या होत्या, पण त्यावरचे लोखंडी टोप नाहीत. सहज काढता येणारी वस्तू म्हणून ते उचलले गेले असावेत. त्यामुळे विस्बीचा शेतकरी उभा करणाऱ्याला टोपाचा नमुना त्याच काळातल्या दुसऱ्या ठिकाणांवरून आणावा लागतो.

अंगाखालच्या जाड शिवलेल्या कपड्याचेही तसेच. लिननच्या थरांत कापूस किंवा चिंध्या भरून रजईसारखे टाके घातलेला हा कपडा तडाखा झेलण्याचे मोठे काम करतो. तो नसेल तर कड्यांचे चिलखत तलवारीची धार अडवेल, पण फटक्याने हाड मोडेल. चौदाव्या शतकातले असे कपडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. फ्रान्समधल्या लियाँच्या वस्त्रसंग्रहालयात असलेला, १३६४ मध्ये युद्धात मारल्या गेलेल्या शार्ल द ब्लुआचा शिवलेला अंगरखा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. बाह्यांची बेतणी इतकी हुशारीने केली आहे की हात वर केला तरी अंगरखा वर ओढला जात नाही. चिलखत शिवणाऱ्यांनी हे तंत्र त्यावरूनच उचलले.

आजचा पत्रा आणि तेव्हाचे लोखंड यांत फरक काय?

मोठा फरक आहे. आजचे पोलाद कारखान्यात एकसारखे बनते. मध्ययुगीन लोखंडात मळीचे कण अडकलेले असत आणि एकाच पत्र्यात कुठे मऊ, कुठे कडक भाग असे. ॲलन विल्यम्स या धातुतज्ज्ञाने युरोपातल्या शेकडो चिलखतांच्या धातूचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे फरक मांडले आहेत. आजचा कारागीर बहुधा दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तयार पत्रा घेतो. जुना कारागीर मात्र ठोकताना छातीचा मध्यभाग किंवा टोपाचा पुढचा भाग जाड ठेवून कडेला पत्रा पातळ करी. वजन तेवढेच, पण जिथे वार पडणार तिथे संरक्षण जास्त. नुसता सारखा पत्रा वाकवून केलेली प्रतिकृती दिसायला बरोबर असली तरी वजनाने चुकते.

कड्यांच्या चिलखताची गोष्ट आणखी किचकट. प्रत्येक कडी चार कड्यांत अडकते. तार ओढायची, गुंडाळी करायची, कड्या कापायच्या, टोके एकमेकांवर आणून चपटी करायची, भोक पाडायचे आणि त्यात बारीक रिव्हेट ठोकायचा. एका अंगरख्यात अशा हजारो कड्या लागतात आणि वजन दहा किलोच्या आसपास जाते. स्वस्त प्रतिकृतीत टोके नुसती जुळवून सोडतात. अशी कडी टोकदार शस्त्राने सहज उघडते.

या कामाचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. युरोप-अमेरिकेतले हौशी गट वापरतात त्यातली बरीच शिरस्त्राणे आणि रिव्हेट ठोकलेली जाळीची चिलखते मेरठ आणि देहरादून इथल्या कारखान्यांतून जातात. कड्यांचे चिलखत भारताला नवे नव्हते. १६५९ मध्ये अफजलखानाच्या भेटीला जाताना छत्रपती शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

हे केवळ हौसेपुरते आहे का?

नाही. प्रतिकृती अंगावर चढवली की काही समजुती गळून पडतात. सरदाराला चिलखतासह घोड्यावर बसवायला यारी लागत असे, ही त्यातली एक. १९४४ च्या ‘हेन्‍री द फिफ्थ’ चित्रपटाने ती लोकप्रिय केली. प्रत्यक्षात पंधराव्या शतकातले लढाईचे पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोचे असे आणि त्याचे वजन सर्वांगावर विभागलेले असे. सराव असलेला माणूस त्यात पळू शकतो, पडून उठू शकतो आणि घोड्यावरही चढू शकतो.

पण त्याची किंमत मोजावी लागते. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या ‘रॉयल आर्मरीज’ संग्रहालयातल्या सराव असलेल्या सादरकर्त्यांना प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवले. चालताना लागणारी ऊर्जा दुपटीहून अधिक झाली. पायांवरचे लोखंड प्रत्येक पावलाला उचलावे लागते, हे त्याचे एक कारण. छातीवरचा पत्रा घट्ट असल्याने खोल श्वास घेता येत नाही, श्वास उथळ आणि जलद होतो. चिलखतातल्या फौजा चिखलातून चालून का थकल्या असतील, याचे उत्तर ग्रंथांपेक्षा इथे अधिक नेमके मिळते. असा प्रयोग जुन्या मूळ चिलखतावर करता येत नाही. त्याला चांगली प्रतिकृतीच लागते.

अस्सलपणा आणि सुरक्षितता यांचे जमते का?

नेहमी नाही. चौदाव्या शतकातला साधा शिपाई अनेकदा उघड्या चेहऱ्याचा टोप घालून लढे. आजच्या सादरीकरणात डोळा किंवा दात गमावणे कोणालाच परवडत नाही. म्हणून शस्त्रांच्या धारा बोथट करतात, चेहऱ्यावर वार करण्यास मनाई असते आणि कपड्याआड आधुनिक संरक्षक पॅड लपवले जातात. पूर्ण ताकदीने लढण्याच्या क्रीडाप्रकारात तर टोप आणि हातमोजे मुद्दाम जास्त जाड करतात. तिथे चिलखत इतिहासापासून दूर जाते. म्हणूनच क्रीडास्पर्धेतले चिलखत पाहून मध्ययुगातला सैनिक किती जड लोखंड वाहत होता, याचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

मग यातून हाती काय लागते?

विस्बीत १९८४ पासून दर ऑगस्टमध्ये मध्ययुगीन सप्ताह साजरा होतो. तिथे झळकणारे चकचकीत पोलाद आणि संग्रहालयातले गंजके पत्रे यांच्यामध्ये एक गोष्ट विसरली जाण्याचा धोका असतो. ती कबरीतल्या हाडांवर कोरलेली आहे. अनेक सांगाड्यांच्या नडग्यांवर वार आहेत. धड पत्र्यांनी झाकलेले होते, पाय उघडे होते. जाळीच्या टोपीतून आरपार गेलेले बाणही कवट्यांत सापडले आहेत. म्हणजे या शेतकऱ्यांकडे चिलखत होते, पण ते पुरेसे नव्हते.

हा निष्कर्ष एकट्या पत्र्यावरून निघत नाही आणि एकट्या हाडावरूनही नाही. कोट कुठपर्यंत पोचतो हे तो घडवून अंगावर घातल्यावरच कळते, आणि मग नडगीवरचा वार तिथेच का पडला हेही समजते. राजांची चिलखते संग्रहालयांनी जपली. तटाबाहेर मेलेल्या शेतकऱ्याचे चिलखत मात्र पुराव्यांचे तुकडे जोडून, हातोड्याने पुन्हा घडवावे लागते.