शब्द अडला? शेजारी पाहा!

रविवारची दुपार. शब्दकोडे जवळजवळ भरून झालेले, पण एक उभा शब्द काही केल्या सुटत नाही. शोधसूत्र अगदी साधे: 'डोळा', तीन अक्षरे. आजोबांनी चष्मा पुसला, सूनबाईंनी पोळ्या लाटता लाटता डोके चालवले, शेवटी कोडे रचणाऱ्यालाच दोष देऊन झाला. एवढ्यात नातीने विचारले, "आजोबा, 'र्ण'ने सुरू होणारा शब्द असतो का हो?"

मेख तिथेच होती! आडव्या ओळीत 'सोने' या सूत्रासाठी आजोबांनी पेनाने ठसठशीत 'सुवर्ण' लिहिले होते. त्याच्या शेवटच्या चौकोनातून उभा शब्द सुरू होत होता. पण सोने म्हणजे कनक, कांचन, हिरण्यसुद्धा. सगळेच तीन अक्षरी. 'सुवर्ण' खोडणे आजोबांच्या जिवावर आले खरे; पण 'कांचन' लिहिताच 'नयन' आपोआप सुटले.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात छापून आले. आजही या खेळाची खरी गंमत एकमेकांना छेदणाऱ्या शब्दांत आहे. मराठी कोड्यात तर काना-मात्रेसह अख्खे अक्षर जुळावे लागते. त्यामुळे चूक लपत नाही.

म्हणून एखादा शब्द अडला, की त्याच्याशीच झटत बसू नका. शेजारचे 'हे तर नक्कीच बरोबर' वाटणारे उत्तर आधी तपासा. आणि हो, पेनाऐवजी हातात पेन्सिल घ्या. खोडताना मन दुखत नाही!