चार काड्या आणि सरपणाचा हिशेब

समजा, तुमच्या आगपेटीत अवघ्या चार काड्या उरल्या आहेत. भोवती गुडघाभर हिम साचले आहे. हवेचे तापमान उणे २० अंश सेल्सियस आहे. दिवस मावळायला तासभर अवकाश आहे आणि पाठीवरच्या पिशवीत काही काटक्या, दोन ओंडके व थोडा दगडी कोळसा एवढेच सरपण आहे. आधी काय जाळाल? किती जाळाल?

हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने. 'द लाँग डार्क' नावाचा एक संगणकावरचा खेळ तो खेळत असे. कॅनडातील हिंटरलँड या संस्थेने तयार केलेल्या या खेळाची कच्ची आवृत्ती २०१४ मध्ये आणि पूर्ण आवृत्ती २०१७ मध्ये आली. भूचुंबकीय उत्पातामुळे वीज बंद पडली आहे आणि उत्तर कॅनडातील बर्फाळ रानात तुम्ही एकटे सापडला आहात, अशी त्यात कल्पना आहे. थंडी, थकवा, तहान आणि भूक ही चार मापे सतत खाली येत असतात. ती सावरून धरायची, एवढाच खेळ. "सर, यातले विस्तवाचे नियम खरे आहेत की कुणी मनाने ठरवले?" असे त्याने विचारले. मी त्याच्या शेजारी बसून खेळ पाहिला आणि मग कागद-पेन्सिल घेतली.

पहिला नियम असा की, नवख्या खेळाडूला नुसत्या काडीने ओंडका पेटवता येत नाही. आधी बर्चची साल किंवा वर्तमानपत्राचा कागद असे चटकन पेट घेणारे काहीतरी लागते. हे अगदी खरे. लाकूड स्वतः पेटत नाही. ते सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापले की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात आणि ते पेटतात. काडीची ज्योत टिकते काही सेकंद. तेवढ्या वेळात १० सेंटिमीटर जाडीचा ओंडका कुठला तापायला! परंतु त्याच ओंडक्याच्या १ सेंटिमीटर जाडीच्या काटक्या केल्या, तर तेवढ्याच लाकडाचे पृष्ठफळ जवळजवळ दहापट होते आणि प्रत्येक काटकीत तापवायचे लाकूड थोडेच असते.

कोळशाचेही तसेच. विस्तव काही वेळ जळल्याशिवाय खेळ त्यात कोळसा टाकू देत नाही. ज्यांच्या घरी आजीची शेगडी होती त्यांना याचे कारण सांगायला नको. कोळसा पेटायला लाकडापेक्षा अधिक तापमान लागते. पण एकदा धरला की किलोमागे लाकडाच्या दीडपट-दुप्पट उष्णता देतो.

ओंडक्यांची गोष्ट मला सर्वांत गमतीची वाटली. खेळात सीडरचा ओंडका एक तास जळतो, फरचा दीड तास. असे का? कोणतेही सुके लाकूड घ्या, किलोमागे उष्णता जवळपास सारखीच मिळते. फरक असतो तो घनतेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाल सीडरच्या एका घनमीटर सुक्या लाकडाचे वजन ३७० किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर डग्लस फरचे सुमारे ५००. खेळातला फर नेमका कोणता हे खेळ सांगत नाही, आणि डग्लस फर हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरा फरही नव्हे. तरी भागाकार करून पाहा. उत्तर १.३५ येते, म्हणजे दीडपासून फार दूर नाही.

एका बाबतीत मात्र खेळाने खेळाडूवर दया केली आहे. पडलेली फांदी फोडली की सरपण तयार! खऱ्या रानात ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे गोठलेले १ किलो लाकूड घेऊ. त्यातले अर्धा किलो बर्फ वितळवून, उकळून, वाफ करायला ग्रॅममागे ८० + १०० + ५४०, म्हणजे ७२० कॅलरी लागतात. एकूण ३६० किलोकॅलरी. उरलेले अर्धा किलो सुके लाकूड देते सुमारे २,२५० किलोकॅलरी. म्हणजे खर्च फक्त सहाव्या हिश्श्याचा! मग ओले लाकूड पेटत का नाही? कारण पाणी निघून जाईपर्यंत लाकडाचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे चढत नाही, आणि पेटायला तर त्याच्या अडीचपट हवे. ओल्या लाकडाची अडचण उष्णतेची नसून तापमानाची आहे. हा फरक परीक्षेत लिहिणारे पुष्कळ असतात, चुलीपुढे आठवणारे थोडे.

आता पाण्याकडे वळू. हिमाळ रानात पाण्याला काय तोटा, असे वाटेल. पण उणे २० अंशांचे १ किलो हिम शून्यावर आणायला १० किलोकॅलरी, वितळवायला ८० आणि उकळीपर्यंत न्यायला १०० लागतात, एकूण १९०. आपल्या नळाचे २५ अंशांचे पाणी उकळायला ७५ पुरतात. हवेत वाळवलेले लाकूड किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी देते, तेव्हा ५४ ग्रॅम लाकडात काम व्हावे. परंतु उघड्या विस्तवाची जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्यात शिरते. म्हणून लिटरमागे अर्ध्या किलोहून अधिक सरपण लागते! खेळात हिम वितळवणे आणि पाणी उकळणे ही दोन वेगळी कामे ठेवली आहेत, ती योग्यच. न उकळता प्यालात तर पोट बिघडण्याचा धोका, आणि उकळायचे तर खर्च दुपटीहून जास्त.

मग हिम तसेच खाल्ले तर? हिशेब चुकत नाही, फक्त भरणारा बदलतो. १ किलो हिम ३७ अंशांवर आणायला शरीराला १० + ८० + ३७, म्हणजे १२७ किलोकॅलरी मोजाव्या लागतात. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. जवळजवळ दोन तासांची कमाई त्या हिमात गेली.

म्हणून सराईत खेळाडू पाण्यासाठी वेगळा विस्तव पेटवत नाही. रात्रीच्या उबेसाठी जो पेटवायचाच आहे, त्यावरच भांडे चढवतो. वाया जाणाऱ्या नव्वद टक्क्यांतून पाणी जवळपास फुकट मिळते. शिवाय काडी एकच खर्च होते. (भांड्यात तळाला थोडे पाणी आधी घाला. नुसते भुसभुशीत हिम म्हणजे बहुतांशी हवा. ती उष्णतेची मंदवाहक, त्यामुळे तळ करपतो आणि वरचे हिम तसेच राहते.)

खेळ खरा चुकतो तो उबेच्या मापनात. तो विस्तवाला अंशांचा आकडा देतो आणि तो हवेच्या तापमानात मिळवतो. बंद खोलीत हे चालेल. उघड्यावर तापलेली हवा अभिसरणाने सरळ वर निघून जाते. आपल्याला ऊब मिळते ती मुख्यतः प्रारणाने. म्हणून तोंड भाजते आणि पाठ गारठते! लहान विस्तवापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रारण चौथाईवर येते. तेव्हा मोठी होळी करून दूर बसण्यापेक्षा लहान विस्तव करून जवळ बसणे स्वस्त, आणि पाठीमागे खडक असेल तर तोही तापून थोडी उष्णता परत देतो.

जागा निवडतानाही हेच पदार्थविज्ञान आडवे येते. जॅक लंडन यांच्या १९०८ मधील 'टु बिल्ड अ फायर' या कथेतला माणूस युकॉनच्या कडाक्यात स्प्रूसच्या झाडाखाली विस्तव पेटवतो. वरच्या फांद्यांवरचे हिम खाली कोसळते आणि विस्तव विझतो. दुसरा पेटवायला त्याची बोटे चालत नाहीत. हिमावरच पेटवलेला विस्तवही स्वतःच्या उष्णतेने खड्डा करत खाली जातो. त्याला आधी जाड ओंडक्यांची बैठक द्यावी लागते. त्यासाठी मात्र ओले लाकूड उत्तम, कारण ते पेटत नाही.

आपल्याकडे हिम नाही, पण ओंडक्याचा हिशेब करून पाहता येईल. नुकतीच छाटलेली एक फांदी घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, उन्हात ठेवा आणि रोज तोलून वहीत नोंद करा. वजन घटायचे थांबले की मूळ वजनातून ते वजा करा. फांदीतले किती ग्रॅम पाणी उडाले ते कळेल, त्याला ०.७२ ने गुणा. ते पाणी गोठलेले असते, तर त्याची वाफ करायला विस्तवाला किती किलोकॅलरी खर्चाव्या लागल्या असत्या, ते उत्तर मिळेल.